तिच्या डोळ्यांत मी आणलेलं पाणी

इंदिरानगरमध्ये माझं चष्म्याचं दुकान आहे. दुपारी दोन ते चार तिथे सहसा कुणी फिरकत नाही. तरी मी दुकान बंद करत नाही, कारण घरी गेलो तर झोप लागते आणि झोप लागली की साडेपाच होतात. पूर्वी हे दोन तास मी फ्रेमा पुसण्यात आणि पेपरातल्या छोट्या जाहिराती वाचण्यात घालवायचो. दोन वर्षांपूर्वी एका वाचनमंडळात जायला लागलो आणि त्यानंतर ह्या दोन तासांत मी एका माणसाचा मोडलेला संसार सावरत बसायला लागलो. तो माणूस खरा नव्हता. हे मला बायकोने वेळोवेळी सांगितलं.

मंडळ आठ जणांचं. चालवणाऱ्या बाई निवृत्त मुख्याध्यापिका. महिन्यातून एकदा रविवारी सकाळी त्यांच्याच घराच्या हॉलमध्ये जमायचं, वाचलेल्यावर बोलायचं आणि पोहे खाऊन घरी जायचं. एका रविवारी बाई म्हणाल्या, "दुसऱ्यांचं वाचून त्यांना नावं ठेवणं पुरे झालं. आता आपण लिहू." त्यांनी सगळं आधीच ठरवलेलं होतं. एक कल्पित गाव, रेल्वेचं लहानसं स्टेशन असलेलं. प्रत्येकाने गावातलं एक माणूस घ्यायचं आणि मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये त्याच्या तोंडून, त्याच्या बाजूने लिहीत जायचं. आपला माणूस काय बोलला, काय केलं, त्याच्या मनात काय आलं, एवढंच लिहायचं. दुसऱ्याच्या माणसाला हात लावायचा नाही. हा नियम त्यांनी दोनदा सांगितला आणि दुसऱ्यांदा सांगताना माझ्याकडे पाहिलं. का पाहिलं ते मला तेव्हा कळलं नाही.

स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. मला डॉक्टर व्हायचं होतं. डोळ्यांचा थोडाफार संबंध असल्यामुळे माझा तो हक्कच आहे असं मी धरून चाललो होतो. माझ्या चिठ्ठीत बाईंच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं : वीस वर्षांपूर्वी बायकोला सोडून गेलेला आणि आता परत आलेला नवरा.

गावातल्या कुणालाच नाव द्यायचं नाही, असंही बाईंनी ठरवलं होतं. नाव ठरवण्यात लोक पंधरा दिवस घालवतात, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे एक डॉक्टर झाला, एक स्टेशनमास्तर झाला, एक खानावळवाली झाली आणि मी झालो 'परतलेले'. पुढे पुढे घरच्या फोनवरही तेच चालू झालं. फोन बायकोने घेतला की पलीकडून विचारणा व्हायची, "परतलेले आहेत का?" बायको म्हणायची, "आहेत. कुठे गेलेच नव्हते."

सुरुवातच कठीण झाली. मी मोठ्या मेहनतीने त्याला पहाटेच्या धुक्यात मेल गाडीतून उतरवला होता. धुक्यावरच चार ओळी होत्या. स्टेशनमास्तर लिहिणारे काका मनमाडचे. उभी नोकरी रेल्वेत गेलेली. मंडळाला ते मनमाडहून गाडीने येतात आणि वेळेच्या आधी येतात. त्यांनी लगेच लिहिलं, "मेलला असल्या गावात थांबा नसतो. पॅसेंजरने आणा."

मी फोन केला. "काका, गाव कल्पित आहे."

"गाव असेल," काका म्हणाले. "थांबा कल्पित नसतो."

त्यामुळे माझा माणूस पॅसेंजरने आला, एक तास चाळीस मिनिटं उशिरा, रखरखीत उन्हात. धुकं वाया गेलं.

उतरल्यावर तो स्टेशनसमोरच्या खानावळीत गेला. खानावळ त्याच्या बायकोची. तो गेल्यावर तिने ती सुरू केली आणि चालवली. ही खानावळवाली ज्यांच्या वाट्याला आली होती त्या ताई मंडळात नवीन होत्या. म्हसरूळच्या पुढे त्यांची शेती. शेवंती आणि पालेभाज्या लावतात, सकाळी माल बाजारात जातो. दोनदाच आल्या होत्या, शेवटच्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि एक अक्षर बोलल्या नव्हत्या. मला वाटलं, आता ह्यांना सांभाळून घ्यावं लागणार.

मी खानावळीच्या दारातच माझ्या माणसाला दीड पान उभा केला. हात थरथरत होते, पिशवीचा बंद घट्ट धरलेला होता, पाटीवरचं अक्षर वाचायचा त्याला धीर होत नव्हता. पाठवलं आणि वाट बघत बसलो. दुसऱ्या दिवशी ताईंचं आलं :

"तो आला. मी वळखलं. ताट लावलं. दोन भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. मागच्या बाकावर बसा म्हणलं, इथं डायवर लोक बसतात."

बस्स. एवढंच. ग्रुपवर बाकी सातही जणांच्या टाळ्या पडल्या, त्यात माझीही एक होती, पण मी ती जरा उशिरा दिली.

त्यानंतरचे चार महिने मी त्या माणसाच्या प्रेमात होतो असं म्हटलं तर खोटं होणार नाही. मी त्याला खोकला दिला. एका बुटाचा तळ फाटका ठेवला. तो रोज मागच्या बाकावर बसून जेवायचा, आणि तिची पावलं कोणत्या बाजूने येतात हे मान वर न करता ओळखायचा. एक दिवस मला फार छान सुचलं. वीस वर्षं त्याने पिशवीच्या तळाशी तिची एक फणी जपून ठेवली आहे, निळ्या प्लॅस्टिकची, दोन दात तुटलेली. ती त्याने न बोलता ताटाशेजारी ठेवली. हे लिहिताना मी दोनदा नाक शिंकरलं. काउंटरवर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला मी पावतीवर लेन्सच्या जागी 'फणी' लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी ताईंचं आलं. "फणी माझी नाय. माझी लाकडाची व्हती."

मी घाईघाईने लिहिलं की इतक्या वर्षांत माणसाच्या लक्षात राहत नाही. त्यावर स्टेशनमास्तरने लिहिलं, "मग कुणाची?" डॉक्टरने लिहिलं, "कुणाची?" दोन दिवस ते अख्खं कल्पित गाव मला एवढंच विचारत होतं. मी उत्तर दिलं नाही. खोकला वाढवला.

खरं सांगायचं तर मी दुखावलो होतो. मी, म्हणजे मी. त्या माणसाला काय वाटलं हे पाहायला मला सवडच नव्हती. त्याच सुमारास एका निवृत्त गृहस्थांना मी दुसऱ्याच कुणाचा चष्मा देऊन घरी पाठवलं. ते संध्याकाळी परत आले आणि शांतपणे म्हणाले, "पेपर उत्तम दिसतोय. फक्त मिसेस फार लांब गेल्यात." मी माफी मागून त्यांचा चष्मा दिला. एरवी मी अशी चूक करत नाही.

घरी वेगळीच अडचण. बायको महापालिकेच्या शाळेत शिकवते. शाळेतून आली की चहा घेता घेता माझ्या मोबाईलवर दिवसभराचं सगळं वाचायची. मी समोर बसून तिचा चेहरा बघायचो. ती बेधडक खानावळवालीच्या बाजूची होती.

"तिने आता माफ करावं असं तुला नाही वाटत?" मी एकदा विचारलं.

"का करावं?"

"वीस वर्षं झाली."

"म्हणूनच तर."

"त्याला खोकला आहे."

"खोकल्याला औषध असतं," ती म्हणाली आणि कप घेऊन आत गेली. त्या दिवसांत माझं ताट जरा जास्त आवाज करून टेबलावर ठेवलं जायचं, असा माझा संशय आहे. तिला विचारलं तर ती म्हणते, ताट तेच आणि आवाजही तोच.

बाईंनीही एकदा फोनवर सुनावलं, "तुमचा माणूस फार रडतो हो. वर्गात असता तर मी त्याला तोंड धुऊन यायला सांगितलं असतं."

ह्या सगळ्यांतून मी एक निष्कर्ष काढला. ताईंच्या लिहिण्यातला हा कोरडेपणा काही उगाच आलेला नाही. ताईंना स्वतःला कुणीतरी असंच सोडून गेलेलं असणार. त्याशिवाय फणी बघून कुणाचं मन इतकं दगड राहत नाही. मी हे मनमाडच्या काकांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "मलाही तेच वाटलं, पण विचारायचं कसं?" मग आम्ही दोघांनी न विचारता ते नक्की करून टाकलं. त्यानंतर मी ताईंना फार हळुवार भाषेत निरोप पाठवायला लागलो. आयुष्यात काही जखमा असतात वगैरे. त्या उत्तरादाखल नमस्काराचे दोन हात पाठवायच्या.

एकदा मात्र मी स्पष्टच लिहिलं. "ताई, एक सुचवू का? तिने आता थोडं मऊ व्हायला हवं. तो खरंच पस्तावलाय."

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, बाजारातून परतल्यावर पाठवलेलं. "दादा, राग तुम्हाला आलाय का त्याला?"

मी लिहिलं, "त्याला." मग प्रामाणिकपणे पुढे जोडलं, "थोडा मलाही."

त्यांनी पुन्हा नमस्काराचे हात पाठवले.

शेवटचा उपाय म्हणून मी पत्र लिहिलं. परतलेल्या माणसाचं खानावळवालीला पत्र. तीन दुपारी गेल्या. बाराशे शब्द झाले. त्यात पाऊस होता, आई होती, लग्नातली हिरवी साडी होती, आणि 'मी तुझा गुन्हेगार आहे' हे वाक्य चार वेगवेगळ्या जागी होतं. एवढं लांब पत्र मी खऱ्या बायकोला कधी लिहिलेलं नाही, हे बायकोनेच लक्षात आणून दिलं. पत्र गेलं. ताईंनी लिहिलं :

"पत्र वाचलं. भाकरी गार व्हती. जेवून घ्या."

त्यावर मी जे केलं ते मला शोभणारं नव्हतं. मी लिहिलं : 'तिने पाठ फिरवली. पण तिचे डोळे भरून आले होते. तिच्या पाठमोऱ्या मानेवरूनही त्याला ते कळलं.' आणि पाठवून दिलं.

मग स्टेशनमास्तरने लिहिलं, "गाडी घसरली." डॉक्टरने लिहिलं, "हे चालणार नाही." पाठोपाठ बाईंचा फोन.

"दुसऱ्याच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आणायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

"बाई, त्याला तसं वाटलं, एवढंच मी लिहिलंय."

"'भरून आल्यासारखे वाटले' असं लिहिलेलं नाही तुम्ही. 'भरून आले होते' लिहिलंय. मी उभा जन्म व्याकरण शिकवलंय, मला फसवू नका. आठवडाभर लिहायचं नाही. आणि ताईंकडे जाऊन माफी मागायची. फोनवर नाही, समक्ष."

ताईंनी ग्रुपवर एकच ओळ टाकली. "मी तर तवा भांडी घासत व्हते." ह्या ओळीला सगळ्या मंडळाने टाळ्या दिल्या. माझ्या पत्राला तीन मिळाल्या होत्या.

रविवारी सकाळी स्कूटर काढली, तर बायको साडी बदलून तयार. "मला खानावळवालीला बघायचंय," ती म्हणाली. नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. पेढे घेतले. वाटेत मी तिला बजावलं, "त्यांच्या नवऱ्याचा विषय काढू नकोस."

"का?"

"त्या दुखावतील. काहीतरी झालंय तिथे."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काही गोष्टी लिहिण्यातून कळतात."

म्हसरूळ सोडल्यावर विचारत विचारत गेलो. शेताच्या कडेला दोन खोल्यांचं पक्कं घर, पुढे पत्र्याची पडवी, पडवीत मेथीचा ढीग. ढिगाशेजारी एक उंच माणूस जुड्या बांधत बसला होता. आम्हाला बघून तो उठला, हात धोतराला पुसले आणि तोंडभर हसून म्हणाला, "या, या. परतलेले ना?"

तो ताईंचा नवरा होता.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी मेथीकडे पाहिलं.

ताई मागच्या वावरात शेवंती खुडत होत्या. त्यांना हाक मारून नवरा स्वतःच चहा टाकायला आत गेला आणि आतूनच बोलत राहिला. रोज संध्याकाळी तो सगळ्या घराला ग्रुपवरचं मोठ्याने वाचून दाखवतो, असं कळलं. "मी रोज म्हणतो हिला," तो आतून सांगत होता, "घे ना बाई त्याला घरात. खोकतोय बिचारा. तर ही म्हणते, खानावळीत घेतलाय तेवढं पुरे." खाटेवर बसलेल्या ताईंच्या म्हाताऱ्या सासूबाईंनी मात्र माझ्याकडे नापसंतीने पाहिलं आणि तोंड फिरवून घेतलं.

ताई आल्या. डोक्यावर फुलांची पाटी. ती उतरवून त्या समोर बसल्या, पदराने तोंड पुसलं. मी ठरवून आणलेलं वाक्य बोललो. "ताई, मी तुमच्या बाईच्या डोळ्यांत न विचारता पाणी आणलं. चुकलं माझं."

त्या हसल्या. "आलं बी असतं पाणी. पण मी आणलं तर."

तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मला स्वतःचा निष्कर्ष गप्प बसू देईना. "मला वाटलं होतं, ताई, की तुम्हाला... म्हणजे तुमच्या बाबतीत..."

"ह्यांना वाटलं होतं, तुम्हाला नवऱ्याने टाकलंय," बायकोने वाक्य पूर्ण केलं.

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. तो माणूस हातात चहाची गाळणी घेऊन बाहेर आला आणि हसता हसता उंबऱ्यावरच बसला. सासूबाई पहिल्यांदाच बोलल्या. "ह्यो कुठं जातो टाकून? चांदवडला बहिणीकडं जायाचं तरी हिला तीनदा इचारतो."

चहा झाला. मी जरा सावरल्यावर विचारलं, "मग ताई, ही बाई इतकी कठोर तुम्हाला सुचली कुठून?"

"मला काय म्हाईत," त्या म्हणाल्या. मग थोडा विचार करून बोलल्या. "मी असते ना दादा, तर पहिल्याच दिशी त्याला घरात घेतला असता. मी लय मऊ हाय. ती नाय. मी तिला सांगून पाह्यलं, तुमच्या पत्राच्या दिशी तर लयच सांगितलं. ती नाय म्हणली. मंग मी काय करणार?"

"पण फणीच्या दिवशी हिलाच राग आला होता," नवरा म्हणाला. "त्या दिवशीची आमटी खारट. अख्ख्या घराने खाल्ली."

"आला व्हता," ताईंनी मान्य केलं. "पण तो मी आमटीत घातला. लिवण्यात नाय घातला."

ताईंनी शेवंतीची एक काडी उचलली, तिची पिवळी पानं काढत म्हणाल्या, "एक इचारू का दादा? तो वीस वर्षं व्हता कुठं?"

"होता... कुठेतरी. कामाला वगैरे."

"कुठंतरी म्हंजे?"

"ते मी अजून ठरवलं नाही."

"खोकला ठरवला. बूट ठरवला." त्या अगदी सरळ आवाजात बोलत होत्या, टोमणा नव्हता. "ती रोज मला म्हणते, इचारू का त्याला, इचारू का. मी म्हणते थांब, दादा सांगतील आपल्या तोंडानं. चार महिनं झालं."

"ते नाही सांगणार," बायको म्हणाली. "सांगितलं तर तो वाईट दिसेल."

सासूबाईंनी माझ्यासाठी मेथीच्या चार जुड्या बाजूला काढायला सांगितल्या, ह्यावरून त्यांचा राग थोडा उतरला असावा.

परतताना पेठ रोडच्या आसपास माझ्या लक्षात आलं की तो माणूस कुठे होता हे मला ठाऊक होतं. फणीच्या दिवसापासून ठाऊक होतं. काका आणि डॉक्टर विचारत होते तेव्हाही ठाऊक होतं. मी चार महिने त्याची गोष्ट लिहीत नव्हतो, त्याचं वकीलपत्र घेऊन बसलो होतो. अशिलाला अडचणीचे प्रश्न विचारायचे नाहीत एवढं पथ्य मी पाळलं होतं. त्याला कुणी वाईट म्हटलं की मला लागायचं, म्हणून त्याने काय केलं ते मी कुणाला कळूच दिलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

शिक्षेचा आठवडा संपल्यावर पहिल्याच दुपारी लिहिलं. तीसेक ओळी झाल्या असतील. रेल्वेने सहा तासांवरच्या एका गावात तो राहत होता. कापडाच्या दुकानात कामाला. तिथे एक बाई होती, तिची एक मुलगी होती, आणि तिघांचं बरं चाललं होतं. त्याने हाल काढले नाहीत. त्याला रात्री झोप लागायची. इकडच्या बायकोची आठवण वर्षातून दोनदा यायची, एकदा दिवाळीत आणि एकदा अशीच कधीतरी. मग ती बाई वारली. मुलीच्या घरात त्याला जागा नव्हती. म्हणून तो परत आला. फणी त्या दुसऱ्या बाईची होती, आणि इकडे ती हिचीच म्हणून खपेल असं त्याला वाटलं होतं.

लिहून झाल्यावर तो मला अजिबात आवडला नाही. गंमत म्हणजे खोकला द्यायची आठवणच झाली नाही.

पाठवलं. मग स्टेशनमास्तर : "आली गाडी." बाईंनी लिहिलं, "हा माणूस आज आला. इतके दिवस बाहेर उभा होता." मला आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं, कारण ह्याचा अर्थ आधीचे चार महिने जमेस धरले नव्हते.

साधारण तीन वाजता एक आजी आल्या, दुपारच्या त्या वेळेला येणारं दुर्मीळ गिऱ्हाईक. त्यांना खुर्चीत बसवलं, तपासणीची जाड फ्रेम डोळ्यांवर चढवली, भिंतीवरच्या तक्त्याकडे बघायला सांगितलं. तेवढ्यात मोबाईल वाजला. ताई लिहीत होत्या. त्या कधी दुपारी लिहीत नसत.

"तिनं इचारलं, तिथं सैपाक कोण करायचं?"

आजींना म्हटलं, "वरची ओळ वाचा सावकाश." आणि लिहिलं, "तीच."

"चांगला करायची?"

मी टाइप केलं : 'तुझ्यासारखा नाही.' बोट पाठवायच्या खुणेवर गेलं आणि थांबलं. चार महिने मी त्याच्याकडून हेच करून घेत होतो. पुसून टाकलं. त्याला जे म्हणावं लागलं असतं ते लिहिलं. "चांगला करायची."

आजी 'क' की 'फ' ह्यावर अडल्या होत्या.

मग आलं. "ती हसली. तो आल्यापासून पयल्यांदा. म्हणली, येवढं तरी खरं बोललात."

मला काय झालं सांगता येत नाही. मी चष्मा काढला आणि रुमालाने डोळे पुसायला लागलो. आजींनी त्या जाड फ्रेममधून माझ्याकडे पाहिलं आणि घाबरून विचारलं, "काय झालं हो? माझा नंबर फार वाढलाय का?"

गोष्ट त्यानंतर अडीच महिने चालली. तिने त्याला घरात घेतलं नाही ते नाहीच. त्याने स्टेशनमागे खोली घेतली. सकाळी खानावळीत येऊन भाजी निवडून द्यायचा, दोन वेळ तिथेच जेवायचा. ती त्याला इतर गिऱ्हाइकांसारखं 'तुम्ही' म्हणायची. कधी कधी भाजी निवडताना ती समोर येऊन बसायची आणि त्या दुसऱ्या बाईबद्दल विचारायची, कशी होती, उंच होती का, रागवायची का. मला हे कधीच सुचलं नसतं. मी फक्त उत्तरं देत गेलो. उत्तरं देणं सोपं होतं, कारण आता झाकायचं काही उरलं नव्हतं. ग्रुपवर येणाऱ्या टाळ्यांकडे माझं लक्ष राहिलं नव्हतं असं मात्र मी म्हणणार नाही.

शेवट झाल्यावर बाईंच्या हॉलमध्ये सगळी गोष्ट मोठ्याने वाचायचं ठरलं. ज्याचं त्याने आपापल्या माणसाचं वाचायचं. ताई नवऱ्याला आणि सासूबाईंना घेऊन आल्या. मला भीती वाटत होती की तो फणीचा भाग वाचताना मी पुन्हा गळा काढीन, पण उलट झालं. तो खोटारडेपणा इतका उघडा दिसत होता की मलाच हसू आलं आणि मग सगळेच हसले. सासूबाई शेवटपर्यंत माझ्याकडे रोखून बघत होत्या. निघताना जवळ आल्या आणि म्हणाल्या, "मेला आधी बोलला असता तर बरं झालं असतं." मी म्हटलं, "हो आजी, उशीर झाला माझा." त्या म्हणाल्या, "तुमाला नाय म्हणत." पण हात माझाच धरलेला होता.

घरी परतताना मुंबई नाक्याच्या सिग्नलला थांबलो. बायको मागून म्हणाली, "वर्षातून दोनदाच आठवण?"

"त्याला. मला नाही."

"पण सुचलं तुम्हाला."

मी विचार केला. म्हटलं, "सुचलं खरं."

पुढच्या रिक्षावाल्याने स्टार्टर मारला. मग ती म्हणाली, "चांगलं लिहिलं होतंत तेवढं," आणि सिग्नल सुटला म्हणून माझ्या खांद्यावर हात ठेवून नीट बसली.